मतदानाची तारीख कोणाच्या हाती?

निवडणुकीच्या कोणत्याही कायद्याची पाने चाळली, तर मताधिकार कोणाला असावा, मतदारसंघ कसे आखावेत, उमेदवाराने खर्च किती करावा आणि मतमोजणीवर देखरेख कोणी ठेवावी, या प्रश्नांपायी कलमांमागून कलमे खर्ची पडलेली दिसतात. मतदान कोणत्या दिवशी व्हावे हे सांगणारे वाक्य मात्र बहुधा एखाद्या कोपऱ्यात, दोन ओळींत, निव्वळ व्यवहाराची सोय म्हणून घातल्यासारखे असते. सामान्य वाचक त्यावरून सहज पुढे जातो. राजकारणात मुरलेल्या माणसांची नजर मात्र नेमकी त्या दोन ओळींवर खिळलेली असते, कारण मतदारयादीतील एकही नाव न वगळता आणि कोणाचाही हक्क न काढून घेता, प्रत्यक्ष मतदानाला येणारा समुदाय पालटून टाकण्याचे सामर्थ्य त्यांत असते. याचा सर्वांत स्पष्ट प्रत्यय अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत येतो. कारण तेथे निवडणुकीच्या तारखा एखाद्या आयोगाच्या जाहीरनाम्याने नव्हे, तर विधिमंडळांनी केलेल्या कायद्यांनी ठरतात, आणि पन्नास राज्यांचे असे पन्नास कायदे एकमेकांच्या शेजारी नांदत असतात.

१७८७ साली फिलाडेल्फिया येथे जी राज्यघटना सिद्ध झाली, तिच्या पहिल्या अनुच्छेदाच्या चौथ्या कलमाने प्रतिनिधिगृह आणि सिनेट यांच्या निवडणुकांचा काळ, स्थळ आणि रीत ठरविण्याचा अधिकार त्या त्या राज्याच्या विधिमंडळाकडे सोपविला, आणि काँग्रेसला वाटेल तेव्हा स्वतःचा कायदा करून त्या नियमांत फेरफार करण्याची मुभाही राखून ठेवली. अध्यक्षाची निवड करणारे निर्वाचक केव्हा नेमावेत, हे ठरविणे मात्र काँग्रेसच्या अखत्यारीत ठेवले. काँग्रेसने १७९२ च्या कायद्यात या अधिकाराचा उपयोग मोठ्या सैल हाताने केला: निर्वाचकांनी डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी आपली मते द्यावीत, आणि त्या बुधवारच्या आधीच्या चौतीस दिवसांत प्रत्येक राज्याने आपल्याला सोयीच्या दिवशी निर्वाचक नेमावेत. टपाल घोड्यावरून जाण्याच्या त्या काळात एका राज्याचा निकाल दुसऱ्या राज्यात पोहोचेपर्यंत तेथील मतदानही उरकलेले असे. म्हणून ही सैल व्यवस्था अर्धशतकभर कोणाला फारशी खुपली नाही.

रेल्वे आली, वाफेच्या बोटी आल्या, १८४४ साली तारायंत्रही आले, आणि ती खुपू लागली. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस सुरू झाले ते डिसेंबरच्या आरंभापर्यंत रेंगाळले. आधी मत देणाऱ्या राज्यांचा कौल मागाहून मत देणाऱ्या राज्यांच्या कानी पडे, आणि एका राज्यात मत देऊन झालेल्या माणसांच्या टोळ्या दुसऱ्या राज्यात नेऊन पुन्हा मतदानास उभ्या केल्या जातात, असे आरोप व्हिग आणि डेमोक्रॅट हे दोन्ही पक्ष एकमेकांवर करीत. त्यांत तथ्य किती आणि कांगावा किती, हे प्रत्येक ठिकाणी सांगणे अवघड असले, तरी सर्वत्र एकाच दिवशी मतदान झाले तर एक माणूस दोन राज्यांत मत देऊ शकणार नाही, हा युक्तिवाद इतका सरळ होता की त्याला उत्तर उरले नाही. २३ जानेवारी १८४५ रोजी अध्यक्ष जॉन टायलर यांची सही झाली, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा अध्यक्षीय निर्वाचक नेमण्याचा दिवस म्हणून देशभर मुक्रर झाला.

‘पहिला मंगळवार’ असे साधे न म्हणता ‘पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार’ असा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर १७९२ च्या त्या चौतीस दिवसांत आहे. समजा, नोव्हेंबरची १ तारीख मंगळवारी आली; तर डिसेंबरचा पहिला बुधवार ७ तारखेस येतो आणि दोहोंतील अंतर ३६ दिवसांचे होते, म्हणजे जुन्या कायद्याने घालून दिलेली मर्यादा दोन दिवसांनी ओलांडली जाते. सोमवारची अट घातली, की मतदानाचा दिवस २ पासून ८ तारखेपर्यंतच फिरतो, आणि कोणतेही वर्ष घेतले तरी त्या मंगळवारपासून डिसेंबरच्या पहिल्या बुधवारपर्यंत बरोबर २९ दिवस भरतात. महिना आणि वार यांच्याविषयी परंपरेने सांगितले जाते ते असे, की नोव्हेंबरात सुगी आटोपलेली असे आणि कडाक्याच्या हिवाळ्याने रस्ते अजून बंद झालेले नसत. रविवार उपासनेचा, बुधवार पुष्कळ ठिकाणी बाजाराचा, आणि सोमवारी मतदान ठेवावे तर दूरच्या शेतकऱ्याला रविवारीच घोडागाडी जुंपावी लागे. शेतकऱ्याच्या सोयीसाठी निवडलेला तो मंगळवार आज कारखान्यात आणि कचेरीत राबणाऱ्या लोकांना कामाच्या दिवशी रांगेत उभे करतो. त्या दिवशी सार्वत्रिक सुटी द्यावी, अशी मागणी काँग्रेससमोर अनेकदा येऊन गेली आहे. मंगळवार जागचा हललेला नाही.

परंतु १८४५ चा कायदा केवळ अध्यक्षीय निर्वाचकांपुरता होता. प्रतिनिधिगृहाचे सभासद, राज्यपाल आणि राज्याचे विधिमंडळ यांच्या निवडणुका राज्ये आपल्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर अशा नाना महिन्यांत घेतच राहिली. पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना ही ‘ऑक्टोबरची राज्ये’ म्हणून प्रसिद्धी पावली. अध्यक्षीय निवडणुकीच्या जेमतेम महिनाभर आधी तेथे राज्याची निवडणूक होई, तिचा निकाल हा देशाच्या कलाचा शकुन मानला जाई, आणि म्हणून दोन्ही पक्षांचा पैसा, वक्ते आणि हस्तक यांचा लोंढा त्या राज्यांकडे वाहत जाई. १८६४ च्या सप्टेंबरात, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष लिंकन यांनी सेनापती शर्मन यांना एक पत्र लिहिले. इंडियानाच्या कायद्याप्रमाणे सैनिकाला रणभूमीवरून मत देता येत नव्हते, आणि राज्याचे मतदान ११ ऑक्टोबरला होते. तेव्हा सैन्याला धोका न पोहोचवता जेवढ्या इंडियानाच्या सैनिकांना घरी पाठवता येईल तेवढ्यांना पाठवावे, अध्यक्षीय निवडणुकीसाठी त्यांनी थांबून राहण्याची गरज नाही, ते लगेच परत फिरले तरी चालेल, असा त्या पत्राचा आशय होता. आपण हा हुकूम देत नाही, हेही लिंकन यांनी त्यात आवर्जून नमूद केले. प्रत्यक्ष स्वतःच्या निवडणुकीपेक्षा एका राज्याची ऑक्टोबरातील तारीख राष्ट्राध्यक्षाला अधिक महत्त्वाची वाटावी, यावरून त्या तारखांचे राजकीय मोल ध्यानात येते.

काँग्रेसने १८७२ साली कायदा करून प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकाही १८७६ पासून त्याच मंगळवारी आणल्या. मात्र १८७५ मध्ये त्यात एक पळवाट ठेवली, की ज्या राज्याला आपली तारीख बदलण्यासाठी स्वतःची राज्यघटनाच दुरुस्त करावी लागेल, त्याला हे बंधन लागू नाही. त्या सवलतीचा लाभ सर्वांत दीर्घकाळ घेतला तो ईशान्येकडील मेन या थंड प्रदेशाच्या राज्याने. तेथे राज्यपाल, काँग्रेसचे सभासद आणि विधिमंडळ यांच्यासाठी सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी मतदान होई, आणि अध्यक्षासाठी तोच मतदार नोव्हेंबरात पुन्हा मतदान केंद्रावर जाई. ‘जिकडे मेन, तिकडे देश’ अशी म्हणच त्यातून पडली. १९३६ च्या सप्टेंबरात मेनमध्ये रिपब्लिकन पक्षाचा जय झाला, शकुन पाहणाऱ्यांनी रूझवेल्ट यांच्या पराभवाचे भाकीत केले, आणि नोव्हेंबरात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. उरलेली दोन राज्ये म्हणजे मेन आणि व्हर्मॉण्ट. तेव्हा रूझवेल्ट यांचे प्रचारप्रमुख जेम्स फार्ली यांनी ती म्हण सुधारून ‘जिकडे मेन, तिकडे व्हर्मॉण्ट’ अशी करून टाकली. अखेर १९५७ मध्ये मेनने आपली घटना दुरुस्त केली, १९५८ चे सप्टेंबरातील मतदान हे शेवटचे ठरले, आणि १९६० पासून ते राज्यही नोव्हेंबरच्या रांगेत येऊन उभे राहिले.

राष्ट्रीय पदांच्या बाबतीत राज्यांच्या कायद्याला ही लक्ष्मणरेषा आता पक्की आहे. लुइझियानाने ऑक्टोबरात सर्वपक्षीय प्राथमिक मतदान घ्यावे आणि त्यात ज्याला निम्म्याहून अधिक मते पडतील त्याला तेथेच निवडून आला असे मानावे, अशी पद्धत काँग्रेसच्या जागांनाही १९७८ पासून लागू केली होती. परिणामी ज्या जागांवर चुरस होती, त्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जागांचा निकाल ऑक्टोबरातच लागून जाई आणि नोव्हेंबरच्या मंगळवारी मतदारांना काही करण्यासारखे उरत नसे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की काँग्रेसने ठरविलेल्या दिवसाआधी निवडणुकीचा सोक्षमोक्ष लावणारा राज्याचा कायदा टिकू शकत नाही.

राज्याची आणि त्याहूनही अधिक गावोगावची पदे यांच्या तारखा मात्र पूर्णपणे राज्यांच्याच हाती राहिल्या, आणि या विषयाचे खरे मर्म तेथेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नगरसुधारकांनी असे प्रतिपादन करण्यास आरंभ केला, की नळाचे पाणी, गटारे आणि रस्त्यांवरचे दिवे यांचा आयातकराशी किंवा चलनाच्या वादाशी काही संबंध नाही. तेव्हा नगरपालिकेची निवडणूक राष्ट्रीय निवडणुकीच्या कोलाहलापासून वेगळी काढावी, म्हणजे मतदार पक्षाचे निशाण न पाहता उमेदवाराची कर्तबगारी पाहील. हा युक्तिवाद आजही भारदस्त वाटतो. न्यूयॉर्क राज्याच्या १८९४ च्या घटनेने शहरांच्या निवडणुका विषम वर्षांत, म्हणजे अध्यक्ष, काँग्रेस आणि राज्यपाल यांपैकी कोणाचीही निवडणूक नसेल अशा वर्षांत टाकल्या. ही घटना रचणाऱ्या परिषदेत रिपब्लिकनांचे बहुमत होते आणि न्यूयॉर्क शहर टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेच्या मुठीत होते. तेव्हा तत्त्व आणि स्वार्थ या दोहोंनी येथे हातात हात घालून प्रवास केला, असे म्हणावे लागते. दैवाचा विनोद असा, की विस्तारित न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाची पहिली निवडणूक १८९७ या विषम वर्षी झाली, तेव्हा सुधारकांचे उमेदवार सेथ लो हरले आणि टॅमनीचे रॉबर्ट व्हॅन वाइक निवडून आले. लो यांना त्या आसनासाठी १९०१ पर्यंत थांबावे लागले.

अशा एकांड्या निवडणुकीचा परिणाम मतदानाच्या आकड्यांवर दिसू लागला, आणि तो पुढे दिसतच राहिला. अध्यक्षीय वर्षात जो मतदार आपण होऊन घराबाहेर पडतो, तोच मतदार वसंतातल्या एखाद्या मंगळवारी केवळ नगरसभेसाठी किंवा शाळामंडळासाठी मतदान आहे, हे ठाऊकही नसल्यामुळे घरी राहतो. लॉस एंजेलिस शहरात २०१३ च्या मे महिन्यात महापौरपदाची अंतिम लढत झाली, तेव्हा नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे तेवीस टक्केच मतदानास आले. जे येतात ते कोण, हा त्यापुढचा प्रश्न. ज्यांच्या पगाराचा, कंत्राटाचा किंवा मालमत्तेवरील कराचा निर्णय त्या सभागृहात व्हायचा असतो, ते पाऊस असो वा ऊन, हटकून येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ सॅरा अँझिया यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट तपशिलाने मांडली: मतदान जितके कमी, तितके संघटित गटांच्या मतांचे वजन अधिक, शिक्षकांच्या किंवा अग्निशामक दलाच्या कर्मचाऱ्यांच्या संघटनांना म्हणूनच वेगळ्या तारखा प्रिय असतात, आणि तारखा एकत्र आणण्याची विधेयके वर्षानुवर्षे राज्यांच्या विधिमंडळांत येतात ती बहुतेक बारगळतात. ज्यांनी तारीख वेगळी काढली त्यांचा हेतू पक्षयंत्रणा मोडण्याचा होता. त्यातून बळ मिळाले ते मात्र लहान, पण शिस्तबद्ध अशा हितसंबंधांना.

गेल्या दशकात हे चक्र उलट फिरू लागले आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१५ मध्ये कायदा केला, की ज्या स्थानिक संस्थेच्या स्वतंत्र निवडणुकीतील मतदान आधीच्या चार राज्यव्यापी सार्वत्रिक निवडणुकांतील सरासरीपेक्षा पंचवीस टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक घटलेले आढळेल, तिने आपली तारीख राज्यव्यापी निवडणुकीच्या दिवशी आणावी. येथे एक सूक्ष्म पेच उद्भवतो. अमेरिकेतील पुष्कळ मोठ्या शहरांना स्वतःची सनद असते, आणि सनदेखाली येणारा नगराचा अंतर्गत कारभार राज्याच्या सर्वसाधारण कायद्याच्या कक्षेबाहेर असतो. तेव्हा निवडणुकीची तारीख ही नगराची घरगुती बाब समजावी की राज्याची सार्वत्रिक बाब, हा वाद न्यायालयांपुढे गेला. कॅलिफोर्नियातील अपील न्यायालयाने २०२० मध्ये सनदी शहरांना या कायद्यातून मोकळे केले. ॲरिझोनातही तेच घडले: तेथील विधिमंडळाने शहरांना सम वर्षांत ओढण्याचा दोनदा प्रयत्न केला, टूसॉन शहराचा वाद दोन्ही वेळा न्यायालयात गेला, आणि २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. टूसॉनमध्ये आजही विषम वर्षांतच मतदान होते.

न्यूयॉर्कची कथा याहून बोधप्रद आहे. २०२३ च्या अखेरीस राज्यपाल कॅथी होकल यांनी अशा एका विधेयकावर सही केली, की ज्यायोगे न्यूयॉर्क शहराबाहेरील बहुतेक काउण्टी आणि टाउन यांच्या निवडणुका सम वर्षांत जाव्यात. विरोधक न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने कायदा रद्द ठरविला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्याला तेथे ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणतात, तो कायदा कायम केला. शहरांना मात्र या कायद्याने हात लावला नाही, कारण लावताच येत नव्हता: १८९४ च्या घटनेने घातलेली विषम वर्षांची गाठ साध्या कायद्याने सुटणारी नव्हती. सव्वाशे वर्षांपूर्वी टॅमनीला शह देण्यासाठी लिहिलेले ते कलम टॅमनी इतिहासजमा झाल्यानंतरही महापौराच्या निवडणुकीचे वर्ष ठरवीत आहे.

यातील पक्षांचे वर्तन पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कमध्ये सम वर्षांचा आग्रह डेमोक्रॅटांनी धरला आणि विरोध रिपब्लिकनांनी केला. ॲरिझोनात तोच आग्रह रिपब्लिकन विधिमंडळाने धरला आणि डेमोक्रॅटांचे प्राबल्य असलेल्या शहराने त्याला विरोध केला. दोन्हीकडे आग्रह धरणारे अधिक मतदानाचे गुणगान करीत होते आणि विरोध करणारे स्थानिक प्रश्नांचे स्वातंत्र्य सांगत होते. म्हणजे दोन्ही पक्षांपाशी दोन्ही भाषणे तयार होती, आणि आपले मतदार कोणत्या वर्षी घराबाहेर पडतात हे पाहून त्यांतले एक बाहेर काढले जात होते. या दोन तत्त्वांपैकी मला मतदारसंख्येचे तत्त्व अधिक वजनदार वाटते. पण तारीख बदलणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे की नाही, हे त्याच्या भाषणावरून ओळखता येत नाही, एवढे या उदाहरणांवरून निश्चित होते.

ते ओळखण्याची जागा दुसरीकडे आहे. तारीख हलविली, की आसनावर बसलेल्यांची मुदतही हलते, आणि ती कोणत्या दिशेने हलवावी हा प्रश्न टाळता येत नाही. लॉस एंजेलिसने २०१५ च्या मार्चमध्ये आपल्या सनदेत दुरुस्ती करून निवडणुका सम वर्षांत नेल्या. त्यासाठी २०१५ आणि २०१७ मध्ये निवडून येणाऱ्यांना चाराऐवजी साडेपाच वर्षांची मुदत मिळाली. मतदान वाढावे म्हणून केलेल्या या दुरुस्तीला ज्या निवडणुकीत मंजुरी मिळाली, तिच्यात दहा टक्क्यांच्या आसपासच मतदार आले होते. सॅन फ्रान्सिस्कोत २०२२ मध्ये मतदारांनी महापौराची निवडणूक २०२३ वरून २०२४ वर नेली आणि तेव्हाच्या महापौर लंडन ब्रीड यांना वर्षभराची मुदतवाढ आपसूक मिळाली. २०२४ मध्ये त्या हरल्या, ही गोष्ट वेगळी. याउलट सॅन होझे शहराने महापौरपद अध्यक्षीय वर्षाशी जुळविताना २०२२ मध्ये निवडून येणाऱ्याला दोनच वर्षे दिली, आणि न्यूयॉर्कच्या नव्या कायद्याने २०२५ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत एका वर्षाने आखूड केली. दोन्ही रीतींनी तारीख इच्छित स्थळी पोहोचतेच. फरक एवढाच, की एका रीतीत पुढाऱ्याला मतदारांपुढे उशिरा जावे लागते आणि दुसऱ्या रीतीत लवकर.

आणीबाणीच्या प्रसंगी हा फरक किती तीव्र होतो, हे ११ सप्टेंबर २००१ रोजी दिसले. त्या मंगळवारी न्यूयॉर्क शहरात महापौरपदाच्या उमेदवारीसाठी प्राथमिक मतदान सकाळी सहा वाजता सुरू झाले होते. जागतिक व्यापार केंद्राच्या मनोऱ्यांवर विमाने आदळल्यावर ते थांबविण्यात आले आणि दोन आठवड्यांनी, २५ सप्टेंबरला, नव्याने घेण्यात आले. तारीख पुढे गेली याबद्दल कोणीही तक्रार केली नाही. पण मावळते महापौर रुडॉल्फ जुलियानी, ज्यांची लोकप्रियता त्या दिवसांत शिगेला पोहोचली होती, त्यांनी आपल्याला १ जानेवारीनंतर आणखी तीन महिने पदावर राहू द्यावे अशी इच्छा दर्शविली, तेव्हा दोन उमेदवारांनी ती मान्य केली, तिसरे उमेदवार फर्नांडो फेरर यांनी नाकारली, आणि राज्याच्या विधिमंडळाने तसा कायदा केला नाही. १ जानेवारी २००२ रोजी मायकेल ब्लूमबर्ग यांनी सूत्रे हाती घेतली. शहर जळत असतानाही मतदान दोन आठवडे हलविणे आणि पदाची मुदत तीन महिने ताणणे या दोन गोष्टींतील भेद तेथील लोकांनी विसरू दिला नाही.

तारखांच्या राजकारणाचा आणखी एक प्रकार अध्यक्षपदाच्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांत दिसतो. तेथे प्रत्येक राज्याला पुढचा क्रमांक हवा असतो. न्यू हॅम्पशायरने आपले प्राथमिक मतदान १९१६ मध्ये मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी ठेवले, तेव्हा त्याचे कारण अगदी काटकसरीचे होते: त्या दिवशी गावोगाव वार्षिक ग्रामसभा भरतच असत, मग सभागृह तापविण्याचा खर्च दोनदा कशाला? १९२० पासून ते राज्य पहिल्या क्रमांकावर आले, आणि पहिलेपणाची गोडी कळल्यावर १९७५ मध्ये त्याने तो क्रमांक कायद्यानेच स्वतःकडे राखून घेतला. पुढे त्या कायद्यान्वये राज्यसचिवाने इतर कोणत्याही राज्याच्या तशा मतदानाच्या किमान सात दिवस आधीची तारीख धरावी, असे ठरले. परिणाम असा, की १९५२ मध्ये ११ मार्चला झालेले मतदान २००८ मध्ये ८ जानेवारीपर्यंत मागे सरकले. त्याच वर्षी मिशिगन आणि फ्लोरिडा यांनी पक्षाचे नियम झुगारून आपल्या तारखा जानेवारीत आणल्या, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाने आधी त्यांचे सर्व प्रतिनिधी बाद केले, मग त्यांना अर्धे मत दिले आणि अधिवेशनात पूर्ण मत बहाल केले. राज्याचा कायदा आणि पक्षाचा नियम यांत अंतिम सत्ता कोणाची, याचा उलगडा अशा तडजोडींनीच होत असतो.

मराठी वाचकाच्या मनात या ठिकाणी आपल्याकडील गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे नगरपालिकेच्या निवडणुकीची तारीख राज्य निवडणूक आयोग जाहीर करतो, कायद्यात ती लिहिलेली नसते. पण त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिका यांची मुदत पाच वर्षांहून अधिक असू नये आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, असे स्पष्ट बजावले आहे. अमेरिकेच्या घटनेत स्थानिक संस्थांसाठी असे एक अक्षरही नाही. तरीही मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतील फेरबदल आणि न्यायालयीन तारखा यांच्या फेऱ्यात कारभार प्रशासकाच्या हाती जाऊन निवडणूक जवळजवळ चार वर्षे लांबली. नवी मुंबई आणि औरंगाबाद येथे तर ही स्थिती २०२० पासूनच होती. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या आदेशानंतर चक्रे फिरू लागली, आणि राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. अमेरिकेत मुदतीविषयी राष्ट्रीय घटना मूक असली तरी दिवस कायद्यात कोरलेला असल्यामुळे तो टाळण्यासाठी कोणाला तरी उघडपणे विधेयक मांडावे लागते, त्यावर मत द्यावे लागते आणि नाव नोंदवावे लागते. आपल्याकडे मुदत घटनेत कोरलेली असूनही दिवस मोकळा राहिल्यामुळे, कोणीही ‘निवडणूक पुढे ढकला’ असे न म्हणता ती पुढे ढकलली जाऊ शकते.

म्हणून तारखा बदलूच नयेत, असा निष्कर्ष यातून निघत नाही. १८४५ चा मंगळवार हाही एक बदलच होता, मेनने सप्टेंबर सोडला तोही बदल होता, आणि दोन्ही बदलांनी मतदाराचे भलेच झाले. विधिमंडळाला हा अधिकार हवाच; पण तो वापरताना एक पथ्य राज्यांच्या घटनांतच लिहून ठेवण्यासारखे आहे: तारीख हलवायची असेल, तर विद्यमान सभासदांची मुदत कापून हलवावी, वाढवून नव्हे; आणि मुदत संपली असता नवे सभागृह येत नसेल, तर विलंबाला कारण काहीही असो, मतदानाचा एक शेवटचा दिवस कायद्याने आपोआप ठरलेला असावा. आपल्या आसनाचे वर्ष कमी करून घेण्यास जो लोकप्रतिनिधी राजी असेल, त्याच्या तोंडचे अधिक मतदानाचे किंवा स्थानिक स्वातंत्र्याचे तत्त्व विश्वासाने ऐकावे. जो वर्ष वाढवून मागतो, त्याचे तत्त्व कितीही उदात्त असले, तरी त्याला आधी जुन्या तारखेला मतदारांपुढे उभे करावे, आणि मग नव्या तारखेची चर्चा सुरू करावी.